अंतर ४१२ किलोमीटर, मग तिकिटावर १ तास २५ मिनिटे का?

कुतूहल

नमस्कार. पुढील महिन्यात मला एका प्रादेशिक विमानतळावरून दुसऱ्या प्रादेशिक विमानतळावर थेट विमानाने जायचे आहे. विमानतळांची नावे मुद्दाम देत नाही, कारण माझा प्रश्न त्या दोन ठिकाणांचा नसून हिशेबाचा आहे, आणि नावे दिली की चर्चा हमखास तिथल्या सोयी-गैरसोयींकडे वळते.

अंतर किती आहे हे सहज पाहावे म्हणून मी तीन संकेतस्थळे उघडली. एकाने ४१२ सांगितले, दुसऱ्याने २५६ आणि तिसऱ्याने २२२. पहिल्या आकड्यापुढे किलोमीटर असे लिहिलेले आहे, तर उरलेल्या दोन्हींपुढे नुसतेच मैल. वेळेची तऱ्हा तर याहूनही वेगळी. एका ठिकाणी ३१ मिनिटे, दुसऱ्या ठिकाणी १ तास १ मिनिट, आणि प्रत्यक्ष तिकिटावर १ तास २५ मिनिटे. विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्याचे. एवढ्या छोट्या अंतरासाठी वेळेचा अंदाज जवळजवळ तिपटीने बदलत असेल, तर यातले खरे काय मानायचे? जाणकारांनी सवडीने सांगावे, घाई नाही.

साखळीमोजणी

अंतराचे कोडे आधी सोडवू, कारण ते सोपे आहे. आपल्याला मिळालेले तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकाच अंतराचे आहेत. जमिनीवरचा मैल १६०९.३४४ मीटरचा असतो, तर सागरी मैल बरोबर १८५२ मीटरचा. ४१२ किलोमीटरला पहिल्याने भागले की २५६ येतात आणि दुसऱ्याने भागले की साधारण साडेदोनशेला अठ्ठावीस कमी, म्हणजे २२२. ज्या संकेतस्थळाने २२२ पुढे नुसते मैल लिहिले, त्याने ‘सागरी’ हा शब्द गाळून वाचकाला उगाच कोड्यात टाकले आहे.

सागरी मैल हे विमानवाल्यांचे खूळ नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मिनिटे, आणि त्यातले एक मिनिट पृथ्वीच्या पृष्ठभागावर साधारण एका सागरी मैलाइतके भरते, म्हणून नकाशाच्या कडेवरच्या अक्षांशाच्या खुणांवर कर्कटक लावून खलाशी अंतर मोजत असत. १९२९ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या १८५२ मीटर अशी ठरली. विमानांनी नकाशे आणि दिशादर्शन खलाशांकडूनच उचलले, त्याबरोबर हे मापही आले. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, आणि विमानाच्या वेगाचे बोलणे आजही नॉटमध्येच चालते.

आता हे ४१२ आले कुठून ते पाहू. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधून दोरा ताणून धरला तर तो ज्या रेषेत बसेल ती बृहद्वृत्ताची रेषा, आणि सर्वांत कमी अंतर तिच्यावरचे. बहुतेक संकेतस्थळे पृथ्वी ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा नितळ गोल आहे असे धरून हे अंतर काढतात. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे किंचित दबलेली आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६३५६.७५२ किलोमीटर, म्हणजे फरक २१ किलोमीटरहून थोडा अधिक. हा चपटेपणा लक्षात घेऊन अंतर काढण्याची थडियस विन्सेंटी यांची १९७५ सालची रीत मोजणीच्या क्षेत्रात सर्रास वापरली जाते. गोल धरल्यामुळे चूक पडते ती फार तर अर्ध्या टक्क्याची, म्हणजे आपल्या बाबतीत जास्तीत जास्त दोन किलोमीटरची.

तेवढ्यासाठी कोणी जीव टाकू नये. विमानतळाचे स्थान म्हणून जो अक्षांश-रेखांश दिलेला असतो तो एका ठरवून दिलेल्या संदर्भबिंदूचा असतो, आणि त्या बिंदूपासून धावपट्टीचे टोकच एखादा किलोमीटर लांब असू शकते. म्हणून ४१२.३७ असा आकडा कोणी दाखवला तर दशांशचिन्हापुढचे खुशाल पुसून टाकावे.

आकडेमोड

कुतूहल यांनी निरोपातून पाठवलेले अक्षांश-रेखांश घेऊन मी स्वतः तक्त्यात सूत्र मांडले. उत्तर ४३६ किलोमीटर आले. दोनदा तपासले, सूत्र बरोबर आहे. साखळीमोजणी म्हणतात त्याप्रमाणे चूक दोन किलोमीटरची असायला हवी होती, ही तर चोवीसची आहे. संकेतस्थळेच चुकत आहेत असे म्हणायचे का?

साखळीमोजणी

सूत्र बरोबर असेल, पण आपण आकडे कसे भरले ते एकदा पाहावे. त्या दोन स्थानांपैकी एकाचा अक्षांश अंश आणि मिनिटांत लिहिलेला होता का? उदाहरणार्थ ४५ मिनिटे म्हणजे पाऊण अंश, म्हणून दशांशात ते ०.७५ असे लिहावे लागते. पुष्कळ जण घाईत ०.४५ भरतात. तेवढ्याने ०.३ अंशाचा फरक पडतो, आणि तो उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे ३३ किलोमीटर होतो. आपला मार्ग तिरका असल्याने त्यातले चोवीसच उत्तरात उमटले असावेत.

आकडेमोड

तंतोतंत तसेच झाले होते. दुरुस्त केल्यावर ४१२ आले. संकेतस्थळांची माफी मागतो.

डावी खुर्ची

अंतराचा निकाल लागला, आता वेळेकडे वळतो. मी २२ वर्षे पंख्याची विमाने चालवली, त्यातली बरीच एटीआर, आणि निवृत्तीनंतर मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

३१ मिनिटांचा आकडा ज्याने दिला त्याने ४१२ ला ताशी ८०० किलोमीटरने भागले, बाकी काही केले नाही. हा वेग मोठ्या जेटचा, तोही उंचीवर स्थिरावल्यानंतरचा. १ तास १ मिनिट सांगणाऱ्याने त्याच भागाकारात उड्डाण आणि उतरण्यापोटी सरसकट अर्धा तास मिळवला. दुसरी रीत पहिलीपेक्षा शहाणपणाची असली तरी विमान कोणते हे दोघांनीही विचारलेले नाही. एटीआर ७२ चा स्थिर उड्डाणातला वेग साधारण २७० नॉट, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. मुळातच ती सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपासच्या फेऱ्यांसाठी घडवलेली, कमी इंधनात लहान धावपट्टीवरून उठणारी गाडी आहे. तिला जेटची छडी लावण्यात अर्थ नाही.

आता आपली फेरी माझ्यासोबत खुर्चीत बसून मनातल्या मनात करून पाहा.

विमान सरळ रेषेत जात नाही. उड्डाणानंतर ठरलेल्या निर्गमन मार्गाने बाहेर पडायचे, मग हवाई मार्गावरच्या नावाच्या बिंदूंवरून जायचे, वाटेत एखादे प्रतिबंधित क्षेत्र असेल तर त्याला वळसा घालायचा, आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा वळायचे. २२२ सागरी मैलांच्या अंतराला प्रत्यक्षात २४० उडावे लागणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. (यापुढेही मी मैल म्हणेन ते सागरी मैलच.) लांबच्या प्रवासात हा वळसा टक्केवारीत नगण्य ठरतो, कारण वळणे दोन टोकांनाच असतात आणि मधला पल्ला मोठा असतो. छोट्या फेरीत मात्र टोकेच जास्त आणि मधले कमी.

एवढ्या अंतराला आम्ही साधारण १७,००० फुटांवर जात असू. एटीआरची कमाल मर्यादा २५,००० फूट आहे, पण दोनशे मैलांसाठी तिथवर चढण्यात इंधन आणि वेळ दोन्ही वाया जातात. चढताना सरासरी मिनिटाला हजार फूट धरले तर १७ मिनिटे लागतात, आणि या काळात वेग १९० नॉटच्या आसपास असल्याने जेमतेम ५४ मैल कापले जातात. उतरायला कधी सुरुवात करायची याचा आमचा तोंडचा हिशेब सोपा आहे: हजार फुटांना तीन मैल. १७,००० फुटांना ५१ मैल, त्यात वेग कमी करण्यासाठी चारेक मैल मिळवा. हा ५५ मैलांचा उतार सरासरी २२० नॉटने १५ मिनिटे घेतो, आणि चाके व फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, सोडून हळूहळू येण्याचा अखेरचा टप्पा आणखी तीन. त्या २४० पैकी राहिले १३१ मैल, तेवढेच काय ते पूर्ण वेगाने. त्यांना २९ मिनिटे. बेरीज ६४.

म्हणजे ६४ मिनिटांच्या उड्डाणात विमान त्याच्या नावाजलेल्या वेगाने निम्म्याहून कमी वेळ जाते. बाकीचा वेळ ते वेग मिळवत असते किंवा सोडत असते.

आणि अजून जमिनीवरचे सांगितलेलेच नाही. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. जागेवरून विमान हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबून चाकांना चोक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागेपर्यंतचा तो काळ, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. पुष्कळ प्रादेशिक विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमान चालत नेण्याचा वेगळा रस्ता, नसतो. विमानाला धावपट्टीवरच उलटे चालत टोकापर्यंत जावे लागते, तिथे पूर्ण वळावे लागते आणि मग धाव घ्यावी लागते. दोन किलोमीटरची धावपट्टी २० नॉटने चालत जायला सव्वातीन मिनिटे लागतात, वळण वेगळे. त्या वेळी दुसरे विमान उतरायच्या बेतात असेल तर आपण जागेवर उभे. म्हणून निघताना दहा आणि पोहोचल्यावर पाच मिनिटे धरणे रास्त आहे. झाली १ तास १९ मिनिटे. उरलेल्या सहा मिनिटांविषयी वेळापत्रक करणारे कोणी असतील तर तेच सांगतील.

खिडकीजवळ

डावी खुर्ची यांचे लिखाण वाचताना खरोखर बसल्यासारखे वाटले. एक शंका आहे. याच मार्गावर जेट ठेवले तर वेळ अर्ध्यावर यायला हवी, कारण त्याचा वेग जवळपास दीडपटीहून अधिक असतो. मग प्रादेशिक मार्गांवर पंख्याची विमाने का टिकून आहेत?

डावी खुर्ची

अर्ध्यावर येणार नाही, पाऊणपर्यंत येईल. जेट अशा फेरीत फार तर २५,००० फुटांच्या आसपास जाईल. चढायला १३ मिनिटे, उतरायला १६, अखेरच्या टप्प्याला ३, आणि मधल्या शंभरेक मैलांना १४. एकूण ४६. त्यातही अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते, त्यामुळे खालच्या थरात जेटला त्याचा वेग दाखवताच येत नाही. हवेत १८ मिनिटे वाचली, जमिनीवर एकही वाचले नाही. तेवढ्या १८ मिनिटांसाठी किती जास्त इंधन जाळायचे हा विमान कंपनीचा प्रश्न, आणि तीनशे मैलांच्या आतल्या फेऱ्यांना त्याचे उत्तर बहुतेक वेळा पंख्याच्या बाजूने येते. हजार मैलांच्या मार्गावर हाच हिशेब पूर्ण उलटतो.

तक्ते आणि तक्रारी

वेळापत्रकाच्या कामात बरीच वर्षे घालवलेली असल्याने उरलेल्या सहा मिनिटांची जबाबदारी माझ्याकडे येते.

वेळापत्रकातला कालावधी कोणी सूत्राने काढत नाही. त्या मार्गावर, त्या विमानप्रकाराने, त्या ऋतूत, दिवसाच्या त्या प्रहरी याआधी झालेल्या फेऱ्यांच्या नोंदी घेतल्या जातात. प्रत्येक विमान चार वेळा स्वतःची नोंद पाठवते: जागेवरून हलले, जमीन सोडली, जमिनीला टेकले, जागेवर थांबले. या नोंदींची सरासरी धरून वेळापत्रक केले तर जवळपास निम्म्या फेऱ्या उशिरा ठरतील, म्हणून सरासरीपेक्षा थोडी जास्त वेळ धरली जाते. किती जास्त, हे प्रत्येक कंपनीचे धोरण असते. फार कमी धरली की उशीर होतो, आणि एटीआरसारखे विमान दिवसात सहा-आठ फेऱ्या करत असल्याने सकाळची दहा मिनिटे संध्याकाळपर्यंत तासभर होतात. फार जास्त धरली की दिवसातली एक फेरी कमी होते आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांचा हिशेबही फुगतो. सहा मिनिटे ही त्या ओढाताणीतून निघालेली तडजोड आहे.

प्रवाशांना न दिसणारी आणखी एक बाब अशी की पोहोचण्याच्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत विमान आले तर ते सर्वसाधारणपणे वेळेवर आले असेच मोजले जाते. वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो. त्यामुळे त्याच दोन विमानतळांमधला, त्याच विमानाचा कालावधी एका हंगामात १ तास २५ आणि दुसऱ्यात १ तास ३० असू शकतो. अंतर अर्थातच तेवढेच असते.

खिडकीजवळ

म्हणजे वैमानिक जेव्हा आपण दहा मिनिटे लवकर पोहोचलो असे अभिमानाने सांगतात, तेव्हा ती दहा मिनिटे आमच्याच खिशातून आधी काढून घेतलेली असतात?

तक्ते आणि तक्रारी

असे म्हणता येईल. पण ती काढून घेतली नसती तर आपली पुढची जोडफेरी चुकली असती, तेव्हा तक्रार जपून करावी.

आकडेमोड

हंगामाचा उल्लेख झाला म्हणून वाऱ्याविषयी विचारतो. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तो समोरून येणार. जितके मिळाले तितके गेले, म्हणजे जाऊन-येऊन वेळ सारखीच पडायला हवी ना?

(थोड्या वेळाने) मांडून पाहिल्यावर माझेच म्हणणे चुकीचे निघाले, म्हणून खोडत नाही, उत्तरही इथेच देतो. डावी खुर्ची यांचे मधले १३१ मैल घेतले. वारा नसेल तर जाताना २९ आणि येताना २९, एकूण ५८ मिनिटे. आता ४५ नॉटचा वारा धरू. जाताना वेग ३१५, वेळ २५ मिनिटे. येताना वेग २२५, वेळ ३५ मिनिटे. एकूण ६०. वारा पाठीशी असतो तेव्हा आपण त्याच्या सोबत कमी वेळ राहतो आणि समोर असतो तेव्हा जास्त वेळ, म्हणून नुकसान नफ्यापेक्षा नेहमी थोडे अधिकच भरते. आडवा वाराही फुकट नाही. ६० नॉटचा वारा अगदी काटकोनात असेल तर मार्गावर राहण्यासाठी विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून तिरके चालावे लागते, आणि २७० नॉटपैकी २६३ च पुढे जाण्याच्या कामी येतात.

डावी खुर्ची

हिशेब बरोबर आहे. त्यात एक भर घालतो, कारण छोट्या फेऱ्यांमध्ये आकाशातल्या वाऱ्याइतकाच जमिनीवरचा वारा महाग पडतो. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि उतरते. आपल्याला पूर्वेला जायचे आहे आणि वारा पश्चिमेकडून वाहतो आहे असे धरा. विमान आधी पश्चिमेकडे उडणार, मग वळून उलटे येणार. पोहोचण्याच्या जागी धावपट्टीचे लांबचे टोक मिळाले तर विमानतळ ओलांडून पुढे जायचे आणि वळून परत यायचे. दोन्हीकडे असे झाले तर सहा-सात मिनिटे सहज जातात. अंतर दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळाला त्या दिवशी कोणती धावपट्टी वापरात आहे हे माहीत नसते.

वाटेकरी

उशिरा येत आहे, पण एक मूलभूत गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. ही संकेतस्थळे कोणत्याही दोन विमानतळांची नावे दिली की अंतर आणि वेळ सांगतात, मग त्या दोघांमध्ये आजवर एकही विमान गेलेले नसले तरी. मी एकदा असाच ५० मिनिटांचा आकडा पाहून एका दिवसात जाऊन यायचा बेत केला होता. तिकीट काढायला बसल्यावर कळले की थेट विमानच नाही, आधी विरुद्ध दिशेच्या मोठ्या विमानतळावर जायचे, तिथे तीन तास बसायचे आणि मग दुसरे विमान धरायचे. ५० मिनिटांचे साडेपाच तास झाले. प्रादेशिक विमानतळांच्या बाबतीत हे फार घडते, कारण त्यांना जोडणारे मार्ग बहुतेक मोठ्या केंद्रातून जातात आणि दोन लहान ठिकाणे थेट जोडलेली असणे हा अपवाद असतो. त्यातही थेट विमान आठवड्यातून काही ठरावीक दिवशीच असते. म्हणून अंतराच्या आधी वेळापत्रक पाहावे, असा माझा आग्रह आहे.

दोन विमानतळ वेगवेगळ्या कालविभागांत असतील तर तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि त्यांची नुसती वजाबाकी करून कालावधी मिळत नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

साखळीमोजणी

थेट मार्गांचा विषय निघालाच आहे तर सर्वांत लहान मार्गाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या दरम्यान १९६७ पासून नियमित विमानसेवा चालू आहे. अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे काही मोठ्या विमानतळांच्या एकेका धावपट्टीपेक्षाही कमी. उड्डाणाला साधारण दीड मिनिट लागते, आणि वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांतही झालेले आहे. दीड मिनिटात २.७ किलोमीटर म्हणजे सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटर. कुतूहल यांच्या फेरीचा असाच सरासरी वेग काढला, म्हणजे ४१२ किलोमीटरला १ तास २५ मिनिटांनी भागले, तर ताशी सुमारे २९१ येतो. अंतर जितके लहान तितका हा सरासरी वेग खाली येत जातो, विमान तेच असले तरी.

आकडेमोड

मग एटीआरसाठी एक ढोबळ आडाखा सुचवतो. सरळ अंतराला ताशी ५०० किलोमीटरने भागावे आणि त्यात ३५ मिनिटे मिळवावीत. कुतूहल यांच्या बाबतीत ४९ अधिक ३५, म्हणजे १ तास २४ मिनिटे. तिकिटाशी एका मिनिटाचा फरक. ही ३५ मिनिटे अंतराशी जवळजवळ बांधलेली नाहीत. २०० किलोमीटर असले तरी ती तेवढीच लागतील.

डावी खुर्ची

आडाखा चांगला आहे. फार गजबजलेला विमानतळ टोकाला असेल तर ३५ चे ४५ करावेत.

कुतूहल

सर्वांचे मनापासून आभार. कालच प्रवास करून आलो. या चर्चेमुळे वही आणि घड्याळ घेऊनच बसलो होतो, तेव्हा नोंदी इथे देतो.

विमानात मागच्या दाराने चढलो. डावीकडचा पंखा थांबलेला होता आणि उजवीकडच्या इंजिनाचा आवाज चालू होता, पण त्याचाही पंखा फिरत नव्हता. याचे मला नवल वाटले. वेळापत्रकानुसार निघणे १०:४० ला होते. जागेवरून १०:३७ ला हललो, धावपट्टीवरून उलटे टोकापर्यंत गेलो, तिथे एवढ्या तंग जागेत वळलो की पंखाचे टोक गवतावरून फिरताना दिसले. चाके १०:४८ ला उचलली. ११:०५ ला विमान सपाट झाले, ११:३१ ला इंजिनाचा आवाज उतरला आणि नाक किंचित खाली गेले, ११:४९ ला टेकलो, ११:५४ ला थांबलो. पोहोचण्याची छापील वेळ १२:०५ होती.

परतीचे विमान १६:२० चे. १६:२२ ला हललो, १६:२९ ला उडालो, १६:४६ ला सपाट, १७:१९ ला उतार सुरू, १७:४४ ला टेकलो आणि १७:४९ ला थांबलो. छापील वेळ १७:४५, म्हणजे चार मिनिटे उशीर, पण तक्ते आणि तक्रारी यांच्या नियमाने वेळेवरच.

चढायला दोन्ही वेळा बरोबर १७ मिनिटे लागली, हे पाहून डावी खुर्ची यांना नमस्कार केला. परतीच्या उताराला मात्र १८ ऐवजी २५ लागली. उतरण्याआधी विमानतळ माझ्या खिडकीखालून मागे गेला आणि नंतर आम्ही वळून आलो, त्याची तीन मिनिटे समजली. उरलेल्या चार मिनिटांचा हिशेब काही लागत नाही.

डावी खुर्ची

नोंदी सुरेख आहेत. सपाट उड्डाण जाताना २६ आणि येताना ३३ मिनिटे आहे, म्हणजे वरचा वारा ३० नॉटच्या आसपास असावा. उजवे इंजिन चालू आणि पंखा स्थिर, ही एटीआरची खास सोय आहे. जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारे वेगळे छोटे इंजिन या विमानात नसते, म्हणून उजव्या पंख्याला ब्रेक लावून तेच इंजिन त्या कामी चालवतात. आम्ही त्याला हॉटेल मोड म्हणतो.

राहिली चार मिनिटे. एकच विचारतो: उतार सुरू झाल्यानंतर, विमानतळ दिसण्याच्या आधी, आपल्या बाजूचे ऊन हलले होते का?

कुतूहल

हो. मी पश्चिमेकडच्या खिडकीशी होतो आणि ऊन वहीवर येत होते. मधेच ते वहीवरून गेले, पलीकडच्या रांगेतल्या आसनांवर दिसू लागले, आणि काही वेळाने परत वहीवर आले. ढगांमुळे असेल असे समजून मी ते लिहिले नाही.

डावी खुर्ची

ढग नव्हते. पुढे दुसरे विमान उतरत होते, म्हणून आपल्याला एक घिरटी घालायला सांगितले असणार. ठरलेल्या घिरटीत अर्धे वळण एका मिनिटाचे, सरळ पट्टा एका मिनिटाचा, पुन्हा अर्धे वळण एका मिनिटाचे आणि पुन्हा सरळ पट्टा एका मिनिटाचा.